मानवत, मसणवटा आणि मुंजा : तुमच्याकडं काय सांगतात?

दुधनाकाठ

मी परभणी जिल्ह्यातल्या मानवतचा. गावाचं नाव सांगितलं की साठीच्या पुढचा माणूस अजूनही मान वर करून बघतो आणि विचारतो, "ते खुनाचं मानवत का?" हो, तेच. कापसाची मोठी बाजारपेठ म्हणूनही आमचं नाव आहे, पण ते कोण विचारतंय!

नव्या पोरांसाठी थोडक्यात सांगतो. १४ नोव्हेंबर १९७२ पासून जानेवारी १९७४ पर्यंत मानवतच्या शिवारात दहा खून पडले. बळी गेल्या त्या पोरी आणि बाया. बऱ्याच जणी दहा वर्षांच्या आतबाहेरच्या, एक तर अंगावर पिणारं लेकरू. कोर्टात कारण आलं ते असं : पिंपळाखाली गुप्तधन आहे, त्यावर मुंजा बसलाय, त्याला कुमारिकेचं रक्त पाहिजे. शिवाय एका बाईला मूल होत नव्हतं, त्यावरही हाच उतारा. गावातल्या पोलिसांना धागा सापडेना तेव्हा मुंबईहून रमाकांत कुलकर्णी आले. १९६८ मध्ये मुंबईत फुटपाथवर झोपलेल्यांचे खून करणाऱ्या रामन राघवच्या तपासावर होते तेच.

यातलं एक कुणी सांगत नाही, म्हणून मी सांगतो. ते साल दुष्काळाचं होतं. आईबाप दिवस उगवायच्या आत खडी फोडायला रोजगाराच्या कामावर, घरात लाल मिलोची, म्हणजे बाहेरून आलेल्या ज्वारीची, भाकर नाहीतर सुकडी. सरपण, शेण, पाणी सगळं लहान पोरींच्या डोक्यावर. शिवारात एकटी पोरगी सापडायला त्या साली मुंजाची गरज नव्हती.

तर धागा यासाठी काढलाय. मानवतचं म्हणा, तुमच्या गावच्या मसणवट्याचं म्हणा, कुठल्या कबरीची, समाधीची दंतकथा म्हणा, जे घरात ऐकलं ते लिहा. ऐकीव असेल तर ऐकीव आहे म्हणा. गावातल्या जित्या माणसांची नावं नकोत. आणि कृपा करून सिनेमातल्या गोष्टी स्वतःच्या आज्जीच्या नावावर खपवू नका.

पायाळू

दुधनाकाठ भाऊ, मी तुमच्यापासून फार लांबचा नाही. बहात्तरला मी सात-आठ वर्षांचा असेन. जन्म पायाकडून झालेला.

आमच्याकडं पायाळू पोराला मोठा मान असतो. कुणाच्या पाठीत उसण भरली की त्याला पालथं झोपवायचं आणि पायाळूनं पाठीवर पाय लावायचा, की उसण उतरली. माझी पंचक्रोशीत प्रॅक्टिस होती म्हणा ना. सकाळी उठून ओसरीवर यावं तर कुणीतरी बाप्या कण्हत बसलेला. फी म्हणून गूळ-खोबरं. एकदा एका पैलवानानं पेरू दिले होते.

पण पायाळूबद्दल आणखी एक समजूत आहे. त्याच्या डोळ्यात विशिष्ट काजळ घातलं की जमिनीतलं धन त्याला दिसतं. त्यामुळं धन काढणाऱ्या मांत्रिकांना पायाळू पोरगं लागतं. आणि काम झाल्यावर ते पोरगं परत येतं असं नाही.

मानवतच्या बातम्या यायला लागल्या तसं आज्जीनं दुकान बंद केलं. कुणी पाठ धरून आलं की म्हणायची, "ह्यो न्हाई बाबा, थोरला पायाळू हाय. त्यो गेला मामाकडं." थोरला बिचारा डोक्याकडून जन्मलेला, त्याला काही कळेना. मला अंगणाच्या बाहेर पाय टाकू द्यायची नाही. शाळा बंद. परसाकडंसुद्धा संगं काका.

एका दिवशी दिवेलागणीला सायकलवर दोघंजण आले. धोतर, टोपी, एकाच्या हातात रिकामी पिशवी. दारातूनच विचारलं, "ते पायाळू लेकरू हितलंच का?" आज्जी चुलीपुढं होती. उठली, उंबऱ्यावर विळा घेऊन उभी राहिली आणि सरळ म्हणाली, "मेलं ते. गोवर झाला. तेरवी बी झाली." मी कणगीच्या मागं बसून ऐकतोय. ते दोघं थोडा वेळ उभे राहिले, पाणीसुद्धा मागितलं नाही, आले तसे गेले.

वडलांचं म्हणणं, उसण भरलेले कुणीतरी गरीब असतील, उगं त्यांना उपाशी लावून दिलं. आज्जी मरेपर्यंत ऐकायला तयार नव्हती. माझ्या लग्नातसुद्धा तिनं नवरीकडच्यांना पायाळूचं कळू दिलं नाही.

काळा कोट

वकिली करतो, अंबाजोगाईला. मानवत खटला आमच्याकडं भुताची गोष्ट म्हणून नव्हे, केस लॉ म्हणून चालतो. १९७७ चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल, 'दगडू विरुद्ध महाराष्ट्र राज्य'. माफीच्या साक्षीदाराच्या एकट्याच्या शब्दावर किती विसंबायचं, त्याला बाहेरून दुजोरा कसा लागतो, यासाठी तो आजही दाखवतात. दुसरं म्हणजे दोषी ठरवल्यावर शिक्षा सांगण्याआधी आरोपीला शिक्षेपुरतं बोलू द्यायचं, हे तेव्हा नव्या फौजदारी संहितेत आलं होतं, कलम २३५(२). खालच्या कोर्टात ते राहून गेलं तर काय करायचं, हा प्रश्न या खटल्यात उभा राहिला. कोर्टानं सांगितलं, दरवेळी खटला परत पाठवायची गरज नाही, वरचं न्यायालयही ती संधी देऊ शकतं.

आणखी एक. कबुलीजबाब ज्या पद्धतीनं नोंदवले होते त्यावर न्यायालयानं चांगलेच ताशेरे ओढलेत, पोलिसी हिसक्याबद्दलही खडे बोल सुनावलेत. दहा खून, सगळा जिल्हा पेटलेला, आणि तरीही न्यायाधीश शांतपणे विचारतात की हा कबुलीजबाब लिहून घेण्याआधी आरोपीला पुरेसा विचार करू दिला होता का. मला ज्युनियर असताना ते वाचून रागच आला होता. आता येत नाही.

जाता जाता, ज्याला लोक जादूटोणा कायदा म्हणतात त्याच्या लांबलचक नावात 'महाराष्ट्र'नंतर पहिलाच शब्द 'नरबळी' आहे. ऑगस्ट २०१३ मध्ये पुण्यात नरेंद्र दाभोलकरांचा खून झाला, त्यानंतर काही दिवसांत वटहुकूम निघाला, डिसेंबरात कायदा झाला. अनुसूचीत गुप्तधन आणि पाण्याचे स्रोत शोधण्याच्या नावाखाली केलेली अघोरी कृत्यं वेगळी नोंदवली आहेत. पाणी का, हे मराठवाड्यातल्या माणसाला समजावून सांगायला नको.

गायरान

मी पारधी आहे. जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवतो.

वर सगळ्यांनी चांगलं लिहिलंय, पण मानवत म्हटलं की आमच्या घरात काय होतं तेही लिहितो. त्या खटल्यातल्या आरोपींत पारधी समाजाची माणसं होती. झालं, एवढ्यावर पुढची कित्येक वर्षं चाललं. माझे वडील बाजारात तितर विकायला जायचे. मानवतनंतर बायका लेकरांना पदराखाली घ्यायच्या, "पारधी आला" म्हणून. त्याच्याआधी "चोर आला" म्हणायच्या, म्हणजे आम्हाला बढतीच मिळाली.

१८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्यानं जन्मतःच गुन्हेगार ठरवलं, १९५२ साली कागदावरून काढलं. कागदावरून. मी डी.एड. झालो, नोकरी लागली, पहिल्या गावात खोली मिळेना. एक म्हातारा देतो म्हणाला. चावी हातात देताना हळूच विचारतो, "गुरुजी, तुमच्या लोकांत ते मुंज्याचं अजून करतेत का?" मी म्हणालो, "बाबा, ज्यानं धन पाहिजे म्हणून सगळं घडवलं म्हणतेत ते काय पालात राहणारे होते का? पालाखाली कुठं धन ठेवतो माणूस?" खोली दिली त्यानं. चांगला माणूस होता. पण प्रश्न विचारलाच.

दुधनाकाठ

गुरुजी, हे यायलाच पाहिजे होतं. धन्यवाद. गावातसुद्धा गोष्ट सांगताना वाड्याचा भाग आवाज खाली घेऊन सांगतात आणि पालाचा भाग मोठ्यानं, हे मी लहानपणापासून बघतोय.

औशाची लेक

खुनाचं माझ्याकडं काही नाही बाई. समाधीचं सांगते.

आम्ही लिंगायत. आमच्यात जाळत नाहीत, पुरतात, आणि आडवं नाही, बसवून. माझे आजोबा, आम्ही आप्पा म्हणायचो, गेले तेव्हा मी दहावीला होते. मांडी घालून भिंतीला टेकवून बसवले. कपाळाला विभूती, गळ्यात फुलांचा हार, डाव्या तळहातावर इष्टलिंग. रात्रभर भजन. पाहुणे यायचे ते त्यांच्यासमोर बसून बोलायचे, जसे काही आप्पा ऐकतायत. दुसऱ्या दिवशी मखरात बसवून वाजतगाजत नेलं. खड्डा सरळ नसतो. खाली उतरून एका बाजूला कोनाडा खोदलेला असतो, माणूस बसेल एवढा. त्यात बसवायचं, बेलाची पानं, विभूती, आणि मीठ. पोतीच्या पोती मीठ. मग माती. माझ्या जाळणाऱ्यांतल्या मैत्रिणींना हे ऐकून कसंतरी होतं. मला उलट त्यांचं, कवटी फुटेपर्यंत थांबायचं, ते ऐकवत नाही.

तर गोष्ट अशी. आप्पा गेले उन्हाळ्यात. पहिला मोठा पाऊस झाला आणि आमचा गडी पळत आला. "माय, आप्पाची जागा खाली गेली. आप्पा उठून गेलेत." दुपारपर्यंत सगळ्या गल्लीत झालं. कुणी म्हणे रात्री शेताकडून खडावांचा आवाज आला. कुणी म्हणे विहिरीवर पांढरं धोतर दिसलं. आप्पा आयुष्यात खडावा घालत नव्हते, करकर वाजणारी कोल्हापुरी घालायचे, पण ते कोण ऐकतो. आज्जीनं मात्र ताटात एक भाकर जास्तीची काढून ठेवली. भिऊन नव्हे हो. "आलेच तर उपाशी नको," म्हणाली.

संध्याकाळी काका आम्हा पोरापोरींना घेऊन गेले. खरंच मधे घमेलंभर खड्डा पडला होता. काकांनी काठी खुपसून दाखवली. कोनाडा पोकळ असतो, मीठ पाण्यानं विरघळतं, आतलं शरीर बसतं, वरची माती खाली येते. पहिल्या पावसात सगळ्याच समाध्या थोड्या खचतात, म्हणून वर्षभर चौथरा बांधत नाहीत. मग त्यांनी दोन घमेली माती टाकली, पायानं दाबली आणि म्हणाले, "आप्पा, सरळ बसा."

धाकट्या भावाला ते ऐकून जास्त भीती वाटली.

बोरीकाठ

नळदुर्ग. किल्ला बघायला येता, नर-मादी धबधबा बघून फोटो काढून जाता, पण एक गोष्ट गाईड सहसा सांगत नाहीत. १८५३ च्या तहात निजामानं हा मुलूख इंग्रजांना लावून दिला, १८६० ला परत मिळाला. त्या मधल्या काळात मेडोज टेलर नावाचा साहेब इथं कारभारी होता. त्याच टेलरनं १८३९ साली एका ठगाच्या तोंडून सांगितलेली कादंबरी लंडनला छापली होती आणि ती तिकडं तुफान खपली.

ठगांचं काम कसं चालायचं हे वाचलं की अंगावर येतं ते त्यातल्या शिस्तीनं. वाटसरूंच्या टोळीत दोस्ती करणारा वेगळा, फास टाकणारा वेगळा, हातपाय धरणारा वेगळा आणि खड्डे खणणारे आणखी वेगळे. बऱ्याचदा माणूस जिवंत असतानाच पुढच्या मुक्कामाला त्याचा खड्डा तयार असायचा. फास म्हणजे साधा रुमाल. खुणेचा शब्द साधा, तंबाखू आणा म्हटल्यासारखा. खड्डा बुजवून वरच चूल पेटवायची, स्वयंपाक करायचा, म्हणजे उकरलेली माती ओळखू येत नाही. काम झालं की गुळाचा प्रसाद. तो गूळ एकदा खाल्ला की माणूस ठगच होतो, सुटत नाही, अशी त्यांची पक्की श्रद्धा.

आमच्या आज्जीचा नियम होता : वाटेवर परक्यानं दिलेला गूळ खायचा नाही. चिवडा चालेल, पेढा चालेल, गूळ नाही. कारण विचारलं तर "तसंच अस्तंय" एवढंच. आता हा नियम ठगांपासून आला का गुळाला मुंग्या लागतात म्हणून, ते मी छातीठोक सांगणार नाही. पण तुळजापूरला पायी जाताना आम्ही आजही पाळतो.

इंग्रजांनी ठगी फुगवून सांगितली, वाटमारी करणाऱ्या कुणालाही ठग म्हणून आत टाकलं, असंही आता इतिहासवाले म्हणतात. असेलही. माफीच्या साक्षीदारांवर उभं राहिलेलं प्रकरण होतं ते. काळा कोट साहेबांनी बघावं.

काळा कोट

दुजोरा लागतो. १८३० लाही लागायला पाहिजे होता.

खुलताबादचा मास्तर

कबरी म्हणाल तर आमच्या गावाशी कोण बरोबरी करणार! चौदाशे सुफी इथं येऊन राहिले अशी आख्यायिका आहे. मोजून कुणी बघितलं नाही, पण पाऊल टाकाल तिथं मजार आहे.

सहल आली की पोरं एकच विचारतात : औरंगजेब कुठाय? १६८९ साली संभाजीराजांना हालहाल करून मारणारा, बापाला कोंडणारा, भावांना संपवणारा. पोरांना वाटतं मोठा घुमट असेल, आत अंधार असेल, काहीतरी हलेल. आणि समोर येते उघड्या आभाळाखालची मातीची कबर, वर सब्ज्याचं रोप. बाजूची संगमरवरी जाळी नंतरची, लॉर्ड कर्झनच्या सांगण्यावरून निजामानं बसवलेली. १७०७ साली अहमदनगरला मेला, इथं शेख झैनुद्दीनच्या पायाशी आणून पुरला, त्याच्याच इच्छेप्रमाणं. टोप्या विणून कमावलेल्या चौदा रुपये बारा आण्यांत कबर बांधली, असं इथला जो तो सांगतो. पोरं नाराज होतात. एकदा एका पोरानं मला विचारलं, "सर, एवढीच?" त्याला घुमट बघायचाच होता तर संभाजीनगरला बिबी का मकबरा आहे, तो याच्या बायकोचा.

मला स्वतःला दुसरी जागा आवडते. शेख बुऱ्हानुद्दीन गरीब यांच्या दर्ग्यात फरशीमधे छोटे छोटे चकाकते उंचवटे आहेत. गोष्ट अशी सांगतात की शेख गेल्यावर शिष्यांकडं दर्गा चालवायला पैसा नव्हता. त्यांनी प्रार्थना केली, तर रोज रात्री जमिनीतून चांदीची झाडं उगवायला लागली. सकाळी तोडायची, विकायची, खर्च भागवायचा. पुढं दर्ग्याला जहागीर मिळाली आणि झाडं उगवायची थांबली. फक्त ते कोंब राहिले. माझी आई, वारकरी घरातली, दर गुरुवारी तिथं जायची आणि बोटानं ते उंचवटे चाचपायची. घरात चांदीचा एक चमचा नव्हता, पण "जहागीर मिळाली म्हणून देवानं हात आखडला, बरोबरच हाय" असा तिचा निवाडा.

तिकडं मलिक अंबरची कबर आहे, १६२६ मध्ये गेला. हबशी गुलाम म्हणून आला आणि मोगलांना अर्धं आयुष्य झुंजवलं त्यानं. तिथं सहलीची एकही बस थांबत नाही. गोलकोंड्याचा शेवटचा सुलतान तानाशाह दौलताबादच्या कैदेत मेला, तोही इथंच आहे. ज्यानं कैद केलं तो आणि जो कैदेत मेला तो, दोघं एकाच गावात. भुताची गोष्ट रचायची तर इथं रचा की! पण नाही, लोकांना चिंचेवरची हडळच पाहिजे.

कोयता

बीड जिल्हा, केज तालुका. आमचे आज्जा ६८ साली मुंबईत मालाडकडं बांधकामावर होते. रात्री झोपायचे रस्त्याच्या कडेला. तेव्हा तिकडं रामन राघवनं धुमाकूळ घातलेला. झोपडीत, फुटपाथवर झोपलेल्या माणसांच्या डोक्यात रात्री लोखंडी हत्यार घालायचा. आज्जा सांगायचे, सगळे पाळीपाळीनं जागायचे, डोक्याखाली काठी, आणि डोकं भिंतीकडं करून झोपायचे. म्हणजे निदान पाय तरी आधी लागतील त्याला.

एका रात्री आज्जा लघवीला उठून अंधारात थोडं लांब गेले. परत येताना दुसऱ्या वस्तीतल्या गस्तवाल्यांनी धरलं. "कौन है? इधर क्या करता?" आज्ज्याला हिंदी येईना. भ्यालेलं माणूस जास्तच संशयी दिसतं. दोन-चार ठेवून दिल्या, आणखी लोक जमायला लागले. आज्जा ओरडला, "आरं मायो, म्या केजचा हाय रं!" गर्दीतून एकजण, "केजचा? केजात कुठला?" तो निघाला शेजारच्या गावचा. त्यानं विचारलं, तुमच्या मारुतीचं तोंड कुणीकडं? आज्ज्यानं सांगितलं. सुटले.

ऑगस्ट ६८ मध्ये रामन राघव सापडला. एक्केचाळीस खून कबूल केले म्हणतात. फाशी झाली होती, पण पुढं डॉक्टरांनी वेडसर ठरवलं म्हणून जन्मठेप, आणि १९९५ ला पुण्यात ससूनमधे मेला. आज्जा त्याच्याबद्दल फार बोलायचे नाहीत. गस्तवाल्यांबद्दल बोलायचे. "त्यो तर एकटा व्हता," म्हणायचे.

आम्ही आता कारखान्याला ऊसतोडीला जातो. रात्री-बेरात्री गाड्या, ट्रॅक्टर. चकवा लागतो, फडात बाई दिसते, असलं पुष्कळ ऐकतो. मला दिसला तो एकदा बिबट्या. मग बाईवरचा विश्वास उडाला.

नवी वसाहत

किल्लारीजवळच्या गावचा आहे. धाग्यात कुणीतरी आमचं काढणारच, म्हणून आधीच लिहितो.

३० सप्टेंबर १९९३, पहाटे ३ वाजून ५६ मिनिटं. गणपती बुडवून लोक घरी येऊन झोपले होते. दगड-मातीची जाड माळवदं अंगावर आली. सरणाला लाकूड पुरेना म्हणून एका चितेवर किती ठेवले ते मी लिहित नाही. गावं नवीन जागी वसवली. जुनी गावठाणं तशीच पडली, बाभळी वाढल्या. आता बाहेरची पोरं रात्री मोबाईल घेऊन जुन्या गावात येतात, "हाँटेड व्हिलेज" म्हणून व्हिडिओ टाकतात. कुणाला पाळण्याचा आवाज येतो, कुणाला आरती ऐकू येते.

आमच्या घरातली चौघं तिथं गेली. मी जुन्या घराच्या जागेवर दरवर्षी जातो, एकटा जातो, कधी कधी दिवस मावळेपर्यंत बसतो. काही ऐकू येत नाही. आलं असतं तर रोज गेलो असतो.

दुधनाकाठ

यावर काही लिहू नये. मंडळी, त्या व्हिडिओंच्या लिंका इथं टाकू नका, टाकल्या तर काढीन.

हिंगोलीचा पोरगा

वातावरण जड झालंय, मी थोडं हलकं करतो. आमच्या गावची शंभर टक्के खरी गोष्ट. आमच्या आबांच्या डोळ्यांदेखत झालेली. अमावस्येच्या रात्री पारावर पैज लागली की मसणवट्यात जाऊन मधोमध खुंटी ठोकून यायची. एक पैलवान गडी तयार झाला. गेला, अंधारात खाली बसला, दगडानं खुंटी ठोकली, उठायला गेला तर मागून कुणीतरी धोतर धरलेलं. जागीच छाती फुटून मेला. सकाळी बघतात तर स्वतःच्याच धोतराच्या सोग्यावर खुंटी ठोकलेली!

औशाची लेक

अहो ही आमच्या औशाची आहे. किल्ल्यामागच्या मसणवट्यातली. मामांनी सांगितलेली.

कोयता

केजला पण झालीय. पैलवान नव्हता, न्हावी होता.

बोरीकाठ

नळदुर्गला खुंटीच्या जागी खिळा आहे, आणि मेला नाही, ताप येऊन वाचला.

पायाळू

परभणीतली खरी. माझ्या चुलत आज्ज्यानं प्रेत उचललंय.

हिंगोलीचा पोरगा

तुमच्या आज्ज्यानं आमच्या गावात येऊन उचललं असेल. आबांनी नाव-गावासकट सांगितलंय, फक्त दुधनाकाठ भाऊंनी नावं लिहू नका म्हटलंय म्हणून थांबलोय.

काळा कोट

एकूण मयत चार, जखमी एक, हत्यार खुंटी किंवा खिळा. प्रत्यक्षदर्शी कुणी असेल तर पुढं यावं.

गायरान

आमच्यात धोतर नाही, लंगोट. म्हणून आमचा माणूस खुंटी ठोकून, पैजेचे पैसे घेऊन घरी आलाय. पैसे मात्र कबूल केले तेवढे दिले नाहीत.

दुधनाकाठ

गुरुजींची सगळ्यात खरी वाटायली. जालना आणि नांदेडवाले अजून आले नाहीत. या, पण तुमच्या धोतरवाल्याला घरी ठेवून या. भानामतीचं कुणाकडं असेल तर लिहा, लातूर-नांदेड पट्ट्यात घरोघर निघेल. आणि मास्तर, त्या चांदीच्या उंचवट्यांचा फोटो असेल तर टाका.

खुलताबादचा मास्तर

गुरुवारी जातो तेव्हा काढतो. परवानगी विचारावी लागेल.